घरचं मोशन सिम्युलेटर: वायपर मोटर, लिनिअर ॲक्च्युएटर की सर्वो? (बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्यांनी जरूर सांगा)

शहापूर_स्टीअरिंग | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. युरो ट्रक सिम्युलेटर २ आणि असेटो कोर्सा खेळतो. स्टीअरिंग, पेडल झाले. ४० बाय ४० एमएस चौकोनी पाईपची फ्रेम वेल्ड करून घेतली, वर जुन्या मारुती ८०० ची सीट बसवली. आता हे सगळं धूड गेममधल्या गाडीबरोबर हलवायचं आहे.

व्हिडिओ बघून डोकं फिरायची वेळ आली. एकजण वायपर मोटर लावतो, दुसरा सर्वो (स्वतःची जागा मोजत फिरणारी मोटर), तिसरा म्हणतो स्टेपरवर (ठरलेल्या पावलांनी फिरणारी मोटर) भागतं. मला ऑनलाइन १२ व्होल्टचे लिनिअर ॲक्च्युएटर (मोटरनं दांडा सरळ आत-बाहेर सरकवणारे) दिसले: १०० मिमी स्ट्रोक, १५०० न्यूटन. म्हणजे एक दीडशे किलो उचलणार, चार लावले तर सहाशे. माझं, सीटचं, फ्रेमचं मिळून दीडशेसुद्धा होत नाही. मग सर्वोवर पैसे कशाला घालायचे?

बजेट साठ-सत्तर हजार, तेही एकदम नाही. खोली वरच्या मजल्यावर, खाली भाडेकरू आहेत.

चोर्ला_घाट | सोमवार, रात्री १०:२०

पावसाळ्यात आमच्या रस्त्यानं गोव्याला एक फेरी मार. वरखाली, पुढंमागं, डावंउजवं, तिन्ही फुकटात.

निपाणी_मेकॅट्रॉनिक्स | सोमवार, रात्री ११:०५

दीडशे किलो उचलतो हे खरं आहे, पण किती वेळात उचलतो ते त्याच पानावर खाली बारीक अक्षरात असतं. त्या जोराच्या ॲक्च्युएटरचा वेग बहुधा सेकंदाला ५ ते १० मिमी. दवाखान्यातला पलंग, रिक्लायनर, सोलर पॅनेल अशा कामांसाठी तो केलेला असतो. आणखी एक आकडा शोध, ड्युटी सायकल. तो १० ते २५ टक्के दिसेल. म्हणजे दहा मिनिटांत एक ते अडीच मिनिटं चालवायचा आणि बाकी वेळ गार होऊ द्यायचा. तू तर तासभर थांबणार नाहीस.

आता हिशोब कर. खडबडीत रस्ता अंगाला जाणवायचा तर सीट सेकंदाला पाच वेळा, मधल्या जागेपासून ५ मिमी वर आणि ५ मिमी खाली गेली पाहिजे असं धरू. या हालचालीत सर्वांत जास्त वेग येतो २ × ३.१४ × ५ × ५, म्हणजे सेकंदाला साधारण १५७ मिमी. तुझा ॲक्च्युएटर १० चा. पाच हर्ट्झला त्याच्याकडून जेमतेम ०.३ मिमी मिळेल, ते सीटच्या फोममध्येच जिरून जाईल. ५० मिमी वेगाचे 'फास्ट' मिळतात, त्यांनीही दीड मिमीच.

तेव्हा जोर नंतर बघ, आधी वेग बघ. खरं तर दोन्ही एकदम बघायचे असतात, कारण मोटरची ताकद वॉटमध्ये ठरलेली आहे आणि वॉट म्हणजे जोर गुणिले वेग. जोराचा आकडा फुगवून दाखवायचा असेल तर गिअर वाढवला की झालं, वेग मरतो. विकणारा जोर मोठ्या अक्षरात छापतो.

ऑटोनगर_वायपर | मंगळवार, सकाळी ७:४०

भावा, सगळे एकदम सर्वोवरच का उडी मारायलात? साठ हजारातले आधी पाच-सात घालून बघ की.

अख्खी फ्रेम हलवायची काय गरज नाही. नुसती सीट हलव. सीटच्या खाली बरोबर मध्ये जीपच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बसव. वजन सगळं त्या क्रॉसवर जातंय, मोटरला फक्त तोल सांभाळायचा. म्हणून बारक्या मोटरा पुरतात. मागं दोन मोटरा, दोन्ही एकदम वर गेल्या की पुढं झुकतंय, एक वर एक खाली केली की बाजूला. ट्रकच्या २४ व्होल्टच्या वायपर मोटरा घे, कारच्या १२ वाल्या दमतात. ऑटोनगरात जुन्या बसेसच्या मिळतात, हातात घेऊन शाफ्ट हलवून बघ. ढिला लागला तर ठेव तिथंच.

दोन गोष्टी व्हिडिओत कोण सांगत नाही. एक म्हणजे बऱ्याच वायपर मोटरांची बॉडीच निगेटिव्ह असते. उलटी फिरवायला प्लस-मायनस बदलतोस तेव्हा बॉडीत प्लस येतो आणि फ्रेमला लागला की धूर. उघडून निगेटिव्ह ब्रशची वायर बॉडीपासून सोडव, वेगळी बाहेर काढ. दुसरं म्हणजे आत तीन ब्रश असतात, दोन स्पीडसाठी. तिसरा ब्रश तिरका बसवलेला असतो, हाय स्पीडचा. तो वापरू नकोस, एका बाजूला पळतंय आणि दुसऱ्या बाजूला तसं पळत नाही. समोरासमोरचे दोनच घे.

मोटरला करंट देणाऱ्या ड्रायव्हरला बीटीएस७९६० चं बोर्ड, ४३ अँपिअर लिहिलेलं असतंय. त्या आकड्यावर जाऊ नकोस. आहे त्या पत्र्यावर त्याच्या निम्मंही धरू नकोस, वर पंखा लाव. आर्डुइनो उनो या बारक्या कंट्रोलर बोर्डवर एसएमसी३ नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तीन मोटरा सांभाळतोय. शाफ्टच्या टोकाला १० के चा लिनिअर पॉट बसव, शाफ्ट किती फिरला ते तो सांगतोय. पॉटचा मध्य आणि शाफ्टचा मध्य एका रेषेत पाहिजे. जरा तिरका बसला की खरखर सुरू, आणि मग पीआयडीतला (मोटर जागेवर आणायचा हिशोब) डी वाढवलास की सीट थरथरायलाच लागते.

शहापूर_स्टीअरिंग | मंगळवार, दुपारी १:१५

भारी माहिती. पण सीटच हलली आणि स्टीअरिंग जागेवर राहिलं तर हात-पाय ओढल्यासारखे होणार नाहीत का? आणि ब्रेक दाबताना पाय पेडलपासून लांब जाईल?

निपाणी_मेकॅट्रॉनिक्स | मंगळवार, दुपारी २:३०

होतं थोडं. हालचाल कमी ठेवली की सवय होते. काहींना आवडतं सुद्धा, कारण अंग आणि गाडी यांच्यातला फरक जाणवतो. मला नाही आवडत.

वायपरवाल्या दादांचा जुगाड चुकीचा नाही. वेगाचं बघायचं तर ४० मिमीचा क्रँक आणि मिनिटाला ६० फेरे धरले तर टोकाला सेकंदाला २५० मिमी मिळतात, म्हणजे पुरेसे. अडचण मोटरमधल्या वर्म गिअरच्या (स्क्रूसारखा गिअर) ढिलेपणाची आहे. दिशा बदलताना दातांमधली फट ओलांडली जाते, तिथं 'टक' होतं. ट्रकच्या गेममध्ये इंजिनच्या आवाजात ते खपून जातं. असेटोत स्टीअरिंग अगदी मध्यावर असताना ती टकटक नको वाटते.

वर्मचा एक फायदा मात्र मोठा: लाईट गेली तर सीट बहुतेक आहे तिथंच थांबते. सर्वोबरोबर लावतात तो बॉलस्क्रू (ज्याचा नट गोळ्यांवर सरकतो) थांबत नाही, ते पुढं लिहितो.

इचलकरंजी_ऑटोलूम | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

स्टेपरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. नेमा ३४ (मोठ्या स्टेपरचं माप) चा होल्डिंग टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, बघून भुलू नको, तो उभ्या मोटरचा आकडा असतो. फेरे वाढले की टॉर्क कोसळतो, आणि वर माणूस बसलेला असताना स्टेप चुकल्या तर आर्डुइनोला कळतही नाही की प्लॅटफॉर्म तिरका झालाय. एन्कोडरवाले (शाफ्ट किती फिरला ते मोजणारे) क्लोज्ड लूप मिळतात, पण तोवर किंमत सर्वोच्या आसपास येते.

मोडीतल्या सर्वोचा मोहही होईल. मशीन शॉपच्या भंगारात चांगल्या जपानी मोटरा निघतात, आमच्याकडं ऑटोलूमच्याही. घेणार असशील तर मोटर, ड्राइव्ह (तिला चालवणारा डबा) आणि मधल्या दोन्ही केबली असा पूर्ण जोड घे. एन्कोडरची भाषा ज्या त्या कंपनीची वेगळी. ड्राइव्हशिवायची मोटर टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवायला बरी. शिवाय मोठ्या सीएनसीच्या ड्राइव्हला थ्री फेज २०० व्होल्ट लागतात, त्याचा ट्रान्सफॉर्मर वेगळा. घरात कुठं ठेवणार?

उद्यमबाग_होनिंग | मंगळवार, रात्री ९:३०

बेळगावात राहून कोणी हायड्रॉलिकचं नाव काढेना, म्हणून आमचंच आम्ही काढतो. या गावात सिलिंडर, पंप, व्हॉल्व्ह पिढ्यान्‌पिढ्या होतात. विमान कंपन्यांची मोठी सिम्युलेटरंही कित्येक वर्षं तेलावरच चालली, इलेक्ट्रिक मागाहून आली.

पण हिशोब मांडला तर मीच तुला नको म्हणेन. २५ मिमी बोअरचा सिलिंडर धर. क्षेत्रफळ ४.९ चौरस सेंटिमीटर. सेकंदाला २५० मिमी वेग पाहिजे तर मिनिटाला साडेसात लिटर तेल लागतं. चार सिलिंडर एकदम वर गेले तर तीस लिटर. ४० बार दाब धरला तर दोन किलोवॉट नुसते तेलात, वर पंपाचे नुकसान वेगळे. त्यात प्रपोर्शनल व्हॉल्व्ह चार, त्यांना लागणारं बारीक फिल्टर, टाकी, कूलर. आणि पंपाचा पॅक चालू असेपर्यंत आवाज थांबणार नाही, तू खेळ नाहीतर नुसता बस. खाली भाडेकरू आहेत म्हणतोस. तेलाचा एक थेंब स्लॅबमधून झिरपला तर भाडं बंद.

ती सर्वोवाली मुलं ॲल्युमिनियम प्रोफाइलमध्ये थ्री-डी प्रिंटचे तुकडे घालून ॲक्च्युएटर करतात, ते मात्र बघवत नाही. आमच्या सिलिंडरची होन केलेली (आतून घासून गुळगुळीत) नळी, हार्ड क्रोमचा पोकळ रॉड, पुढं गाइड बुश आणि वायपर सील, हे सगळं इथं तयार आहे. आत पिस्टनच्या जागी बॉलस्क्रूचा नट बसवायचा. तेल नाही, दाब नाही, पण सरळपणा सिलिंडरचा. इतकं सोपं काम आहे.

निपाणी_मेकॅट्रॉनिक्स | मंगळवार, रात्री ११:२०

काका, हे सोन्यासारखं सांगितलंत. आता नट कोणता आणि मोटर कोणती, खरा घोळ तिथंच आहे.

चार कोपऱ्यांवर चार ॲक्च्युएटर, अख्खी फ्रेम उचलायची, हा एसएफएक्स-१०० या खुल्या डिझाइनमुळे पसरलेला प्रकार. त्यात ७५० वॉटचा ८० एसटी सर्वो असतो: २.३९ न्यूटन मीटर, ३००० आरपीएम. स्क्रू १६०५, म्हणजे १६ मिमी जाडीचा आणि एका फेऱ्यात नट ५ मिमी सरकवणारा. १६१० मध्ये एका फेऱ्यात १० मिमी. लोक मोटरवर महिनाभर वाद घालतात आणि स्क्रू मिळेल तो आणतात. निम्मा निकाल तर तिथंच लागलेला असतो.

वेग: ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५०. १६०५ वर २५० मिमी, १६१० वर ५००.
जोर: २ × ३.१४ × टॉर्क × ०.९, भागिले लीड (एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर) मीटरमध्ये. ०.९ ही बॉलस्क्रूची कार्यक्षमता. २.३९ टॉर्कला १६०५ वर सुमारे २७०० न्यूटन, १६१० वर १३५०.

आता ४०० वॉटचा ६० एसटी घे, १.२७ न्यूटन मीटर, आरपीएम तेच ३०००. १६०५ वर त्याचा जोर येतो सुमारे १४३५ न्यूटन, वेग २५०. म्हणजे ७५० वॉट १६१० वर जो जोर देतो तोच ४०० वॉट १६०५ वर देतो, फक्त वेग निम्मा. आणि वर काढलेल्या १५७ ला २५० पुरून उरतात.

तुझं एकूण वजन आणि ते कुठं पडतं, हे कळल्याशिवाय पुढं बोलण्यात अर्थ नाही. बाथरूमचा वजनकाटा आण. एका कोपऱ्याखाली काटा, बाकी तिघांखाली त्याच उंचीचे ठोकळे, तू सीटवर पाय पेडलवर ठेवून बस आणि दुसऱ्याला वाचायला सांग. चारही कोपरे असेच कर.

खानापूर_कॉकपिट | बुधवार, सकाळी ८:०५

मी विमानवाला आहे. चारपेक्षा सहा का नाही? स्ट्युअर्ट प्लॅटफॉर्म केला तर पुढंमागं, आडवं, वळणं, सगळं मिळतं.

निपाणी_मेकॅट्रॉनिक्स | बुधवार, सकाळी ९:१०

मिळतं की. सहा पायांची ती रचना गॉफ यांनी १९५० च्या दशकात डनलॉपमध्ये टायर तपासायला केली, स्ट्युअर्ट यांचा निबंध १९६५ चा. पण सहा पाय तिरके असतात, दोन्ही टोकांना सांधे लागतात, आणि प्रत्येक पायाची लांबी दर क्षणी गणितानं काढावी लागते. एक सांधा ढिला झाला की सगळा प्लॅटफॉर्म डुलतो. पहिल्या यंत्राला नको.

चार पायांकडून काय मिळणार नाही तेही सांगतो. पुढच्या-मागच्या पायांत १२०० मिमी अंतर आणि स्ट्रोक १०० असेल तर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ४.८ अंश कोन मिळतो, म्हणजे मध्यापासून २.४. २.४ अंशांचा कल म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा ४ टक्के हिस्सा अंगावर. जोरात ब्रेक मारल्यावर छाती पुढं खेचली जाते ती भावना यातून येणार नाही. रस्त्याचं खडबडीतपण, कर्ब, गिअरचा झटका, वळणातला कल, हे मिळतं. ६०० मिमी रुंदीला डावंउजवं ४.७ अंश येतात, ते छान जाणवतं. विमानवाल्यांना मोठे, संथ, लांबचे कोन हवेत, त्यांना मोठा स्ट्रोक लागतो. तुमची गरज वेगळी.

हिंडलगा_वायरमन | बुधवार, दुपारी ३:४०

यंत्राचं झालं, आता माझं ऐका.

चार चारशे म्हणजे १६०० वॉट, २३० व्होल्टला सात अँपिअर, झटक्याला त्याहून जास्त. ७५० चे चार लावलेत तर रेटेड तीन किलोवॉट. हेस्कॉमच्या बिलावर सँक्शन लोड किती लिहिलाय ते बघा, त्यात गिझर आणि पंपही धरा. बोर्डातून वेगळी लाईन काढा, १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतःचा एमसीबी. एक्स्टेन्शन बोर्डवर चार सर्वो चालवणाऱ्याच्या घरी मी जात नाही.

अर्थिंग मीटर लावून तपासून घ्या. जुन्या शहापुरातल्या घरांत अर्थचं भोक असतं, आत वायर असेलच असं नाही. सर्वो ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थला कायम जातो. अर्थ नसेल तर फ्रेमला हात लावल्यावर मुंग्या येतील. अर्थ आहे आणि ३० एमएची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) आहे, तर चार ड्राइव्हची गळती मिळून ती उगाच पडू शकते. पडते म्हणून तिला बायपास करायचं नाही. सर्किट वेगळं करा.

स्टीअरिंगचं यूएसबी मध्येच तुटतंय अशी तक्रार येणार, आत्ताच सांगतो. मोटरची केबल शिल्डवाली घ्या, शिल्ड अर्थला जोडा, आणि यूएसबीची वायर तिच्या शेजारून नेऊ नका.

इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण हात पोचेल तिथं पाहिजे, एनसी काँटॅक्टचं (न दाबता जोडलेलं, दाबलं की तुटणारं). वायर तुटली तरी यंत्र थांबलं पाहिजे. आणि लहान पोरं घरात असतील तर फ्रेमच्या खाली चारही बाजूंनी पत्रा लावा, १४०० न्यूटनखाली बोट सापडलं तर विचारायला नको.

निपाणी_मेकॅट्रॉनिक्स | बुधवार, दुपारी ४:१५

यांनी लाईटचं काढलंच आहे तर राहिलेलं लिहितो. आपल्याकडं जूनमध्ये वादळ आलं की लाईट जातेच. बॉलस्क्रू स्वतःला अडवून धरत नाही, वजनानं उलटा फिरतो. लाईट गेली की चारही कोपरे खाली बसणार. १६१० वर जास्त पटकन, १६०५ वर जरा संथ. म्हणून नळीच्या तळाशी रबरी बफर हवाच. साधा ट्रॅपेझॉइडल स्क्रू लावला तर तो थांबतो, पण निम्म्याहून जास्त ताकद घर्षणात जाते आणि नट तापतो. सारख्या हालचालीला तो बाद.

एक गोष्ट आर्डुइनोवाल्यांसाठी. या मोटरचा एन्कोडर २५०० रेषांचा, ड्राइव्ह त्याचे १०,००० भाग करतो. एका भागाला एक पल्स ठेवली तर ३००० आरपीएमला सेकंदाला पाच लाख पल्स लागतील. उनो ते करू शकत नाही. ड्राइव्हमध्ये इलेक्ट्रॉनिक गिअर १० ठेव, फेऱ्याला १००० पल्स, मग पन्नास हजारांवर भागतं. ५ मिमीचे हजार भाग म्हणजे ५ मायक्रॉन, तेवढी बारकाई तुझ्या पाठीला कळणार नाही.

शहापूर_स्टीअरिंग | गुरुवार, रात्री ९:५०

वजन केलं. मागचे दोन कोपरे ४३ आणि ४१, पुढचे २९ आणि २७. एकूण १४०. मागं इतकं जास्त येईल असं वाटलं नव्हतं.

४३ किलो म्हणजे ४२२ न्यूटन. वर जाताना एक जी (गुरुत्वाकर्षणाइतका प्रवेग) धरला तर दुप्पट, ८४४. ४०० वॉट आणि १६०५ चे १४३५ आहेत. नुसतं धरून ठेवायला ०.३७ न्यूटन मीटर लागतात, १.२७ च्या तीस टक्क्यांखाली. बरोबर ना? तसं असेल तर चार ४०० वॉटचे जोड घेतो, ड्राइव्ह आणि केबलसकट एकाच ठिकाणाहून. आधी एकच मागवून बघू का?

निपाणी_मेकॅट्रॉनिक्स | गुरुवार, रात्री १०:०५

बरोबर. सीट ८० मिमी पुढं सरकवता आली तर मागचा भार आणखी कमी होईल, बघ जमतं का. एक जोड आधी मागव, टेबलावर फिरव, आवाज ऐक, मग बाकीचे तीन. पण तिन्ही त्याच मॉडेलचे, पॅरामीटर एकदाच लावायचे असतात.

उद्यमबाग_होनिंग | गुरुवार, रात्री १०:४०

मोटर आणि स्क्रू हातात आल्यावरच माझ्याकडं ये, ड्रॉइंग घेऊन नको. १६०५ च्या नटाची बॉडी २८ आणि फ्लँज ४८ लिहिलेली असते, मी व्हर्नियर लावूनच बोअर करणार. स्क्रूच्या टोकाला बीके१२ चा बेअरिंग ब्लॉक घे, वजन त्याच्यावर गेलं पाहिजे. मोटरच्या बेअरिंगवर उभा भार टाकलास तर ती फार दिवस टिकणार नाही. कपलिंग १० आणि १४ चं.

आणि रॉड फिरू नये म्हणून चावी लागणार. नट फिरला तर तो वरखाली होत नाही, नुसता गरगर फिरतो. नळीत खाच पाडून देतो, त्यात पितळेचा तुकडा. पायाखाली जाड रबर घाल, भाडेकरूंसाठी.

शहापूर_स्टीअरिंग | गुरुवार, रात्री १०:५२

काका, माल आला की फोन न करता थेट येतो चालेल ना? आणि नळीच्या आत ग्रीस कुठून भरायचं?

उद्यमबाग_होनिंग | गुरुवार, रात्री १०:५८

ये की. दुपारी एक ते दोन सोडून. ग्रीस निपल नटासमोर येईल असं नळीला भोक ठेवतो, रॉड पूर्ण आत असताना.

ऑटोनगर_वायपर | शुक्रवार, सकाळी ७:३०

तेवढं सगळं होईपर्यंत माझ्याकडच्या दोन मोटरा घेऊन जा. सीटबेल्ट मागून ओढायला लाव. ब्रेक मारलास की बेल्ट आवळतोय, निपाणीवाले जे चार पायांनी येत नाही म्हणाले ते तिथून येतंय.